गेट म्हणजे फाटक नव्हे

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला निरोप दिला होता, "तू संगणकातली, तू कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी विषय बदलून घेतला. आज मी इंग्रजी क्रियापदांवर बोलणार आहे. हे ऐकताच मागच्या बाकांवरची मंडळी दाराकडे बघायला लागली, ते मला इथून दिसतंय. बसा. शेवटी चाचणी नाही.

हा विषय का, ते आधी सांगते. शाळेला तुकडीतर्फे काय द्यायचं, यावर आपल्या व्हॉट्सॲप गटात दोन महिने चर्चा चाललीय. बहुतेकांचा कल भाषा प्रयोगशाळेकडे आहे. संगणक, हेडफोन आणि इंग्रजी संभाषण शिकवणारं सॉफ्टवेअर. त्यामागची काळजी खरी आहे. आपल्या वेळी एका वर्गात साठ मुलं दाटीवाटीने बसायची, आणि आज पटावरची संख्या सांगताना मुख्याध्यापकांचा आवाज खाली येतो. पालक म्हणतात, "मराठी शाळेत घातलं की पोराला इंग्रजी येत नाही." या वाक्याला आपण काय उत्तर देतो, यावर शाळेचं पुढचं बरंच काही अवलंबून आहे. माझं उत्तर क्रियापदांत आहे, म्हणून हा विषय.

आपण इंग्रजी पाचवीत सुरू केलं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात आलं ते २००० साली, आपण शाळा सोडल्यावर. बाईंनी आपल्याकडून क्रियापदांची तीन रूपं घोकून घेतली. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. त्यात कट-कट-कट आणि पुट-पुट-पुट आपली विशेष लाडकी, कारण पाठ करण्यासारखं काही नव्हतंच. त्या घोकंपट्टीची आज बरेच जण चेष्टा करतात. मी करणार नाही. साठ मुलांच्या वर्गात, आठवड्याच्या मोजक्या तासांत, ज्यांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही अशा मुलांना दुसरं कसं शिकवणार? तो पाया पक्का झाला, म्हणून आपल्यापैकी कुणाच्याही तोंडून "आय गोड" निघत नाही.

त्या वेळी एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. ही वाकडी रूपं नेमक्या साध्या क्रियापदांनाच का? बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, कम, सी. इंग्रजीत रोज सर्वात जास्त लागणारी ही क्रियापदं, आणि यांतलं एकही सरळ नाही. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात यावर एक अभ्यास छापला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली आणि आज त्यांचं काय झालंय ते पाहिलं. ९८ अजून अनियमितच आहेत. उरलेल्यांच्या मागे कधी ना कधी 'ईडी' लागली. हसू नका, इंग्रजीतली 'ईडी' म्हणते आहे मी. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एकेकाळी 'होल्प' होतं, ते पुढे 'हेल्प्ड' झालं. जे क्रियापद कमी वापरात, ते लवकर नियमात बसतं. जे रोज तोंडात, त्याचं जुनं रूप टिकतं.

आता मराठीकडे बघा. बस-बसला, उठ-उठला, चाल-चालला हे सरळ. पण कर-केला, जा-गेला, ये-आला, दे-दिला, घे-घेतला, खा-खाल्ला. इथेही वाकडी कोण, तर रोजचीच. छोटी मुलं "मी करलं" म्हणतात, आई "केलं" म्हणते, आणि काही दिवसांत गाडी रुळावर येते. जा-गेला याचा तक्ता कुणी आपल्याला पाठ करायला दिला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

रूपं आपल्याला आली. अडचण आली ती अर्थांची. वहीत आपण एका बाजूला इंग्रजी शब्द आणि समोर एक मराठी शब्द असं लिहायचो. पुट म्हणजे ठेवणे. टेक म्हणजे घेणे. गेट म्हणजे मिळवणे. देवनागरीत लिहिलं तर ते फाटकासारखं दिसायचं, पण गेट म्हणजे फाटक नव्हे, एवढं आपल्याला कळत होतं. ते नुसतं मिळवणेही नव्हे, हे कळायला नोकरी लागावी लागली. "आय गॉट अ लेटर" म्हणजे पत्र मिळालं, इथवर ठीक. पण "गेट अप" म्हणजे ऊठ. "इट इज गेटिंग डार्क" म्हणजे अंधार पडतोय. "आय गॉट होम" म्हणजे घरी पोहोचले. "आय डोंट गेट इट" म्हणजे मला कळत नाहीये. "ही गॉट फायर्ड" म्हणजे त्याला कामावरून काढलं. एका 'मिळवणे'च्या जोरावर यांतलं एकच वाक्य सुटतं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, वीस खंडांची. तिच्यातली सर्वात लांबलचक नोंद एखाद्या भारदस्त शब्दाची नव्हती, 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदाची होती. पुढे कोशाचं काम चालू राहिलं आणि 'रन'ने त्याला मागे टाकलं. एकट्या 'रन' या क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ संपादकांनी वेगळे काढलेत. इंग्रजीत ओझं वाहतात ते हे लहान शब्द.

सी. के. ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकाला हे फार आधी दिसलं होतं. १९३० साली त्यांनी 'बेसिक इंग्लिश' नावाची छोटी इंग्रजी मांडली. जगात कुणालाही चटकन शिकता यावी म्हणून फक्त ८५० शब्दांची. त्या ८५० मध्ये क्रियापदं किती असतील? अठरा. कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड, मे आणि विल. 'एंटर'च्या जागी 'गो इन', 'रिमूव्ह'च्या जागी 'टेक अवे', 'पोस्टपोन'च्या जागी 'पुट ऑफ'. यात एक मेख आहे. शब्द अठराच असले तरी त्यांच्या पुढे इन, आऊट, अप, ऑफ लागून होणाऱ्या जोड्या खूप होतात, आणि त्या जोड्याही शिकाव्याच लागतात. टीकाकारांनी तेव्हाच हे दाखवून दिलं. पण शिकायचं काय आहे, ते निदान नेमकं कळलं.

आता हे नुसतं भाषाशास्त्र नाही, ते का, ते सांगते. मी पुण्यात गेली बारा वर्षं नोकरीच्या मुलाखती घेते. मागे एक मुलगा आला होता, मराठवाड्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. लेखी परीक्षेत चोख. मी इंग्रजीत विचारलं, "रात्री सर्व्हर बंद पडला, तेव्हा तू काय केलंस?" तो गप्प. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शेजारच्या सहकाऱ्याने कागदावर फुली मारायला पेन उचललं. मी त्या मुलाला म्हटलं, "मराठीत सांग." तो घडाघडा बोलला. "मॅडम, आधी लॉग बघितले. डिस्क भरली होती. जुन्या फायली काढून टाकल्या, सर्व्हर परत चालू केला, आणि पुन्हा भरू नये म्हणून रोज रात्री साफसफाई करणारा एक प्रोग्रॅम लावला." उत्तर अगदी बरोबर होतं. मी विचारलं, "मग मघाशी अडलं कुठे?" तो म्हणाला, "इन्व्हेस्टिगेट म्हणायचं की इन्स्पेक्ट, ते ठरत नव्हतं."

बघितलं याला 'लुक्ड ॲट' पुरतं. काढून टाकल्या याला 'टुक आऊट'. लावला याला 'पुट इन'. हे सगळे शब्द त्याला पाचवीपासून येत होते. ते मुलाखतीत चालतात, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, मोठ्या खोलीत मोठी क्रियापदं लागतात. मी त्याला तेच उत्तर साध्या इंग्रजीत द्यायला सांगितलं, त्याने दिलं, आणि त्याची निवड झाली. पण मुलाखत घेणारं माणूस मराठी न येणारं असतं, तर ती फुली पडलीच असती. अशा किती फुल्या पडत असतील, ते पडणाऱ्यांना कधी कळतही नाही. त्यांना वाटतं, आपल्याला इंग्रजी येत नाही.

आता पालकांच्या वाक्याकडे येते. लहान क्रियापदांचे हे खेळ मराठी मुलाला अवघड जायला नकोत, कारण तो हेच खेळ घरी रोज खेळतो. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. फोन लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते. भाजी बुडाला लागते. काहींना बसमध्ये बसल्यावर गाडी लागते, आणि तीच गाडी फलाटाला लागते. दृष्ट लागते, लग्न लागतं, आणि कुणाकुणाची त्यानंतर वाट लागते. तो माझा मामा लागतो. मला जावं लागतं. बाळ रडू लागतं. 'लागणे'ला एकच इंग्रजी शब्द शोधायला बसलात तर रात्र सरेल. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, त्यांनाही हे क्रियापद एका शब्दात उरकता आलं नाही. आपण मात्र याचा एकही अर्थ वहीत लिहिला नाही. भूक, निकाल, फोन, मामा या सोबत्यांसकट तो शब्द आपल्या कानावर पडला आणि बसला. इंग्रजीतलं 'गेट' हे असंच शिकायचं असतं. एकटं नाही, सोबत्यांसकट.

दुसरी गोष्ट जोडीची. इंग्रजी माणूस 'ईट'ला 'अप' जोडतो, आपण 'खाऊन'ला 'टाक' जोडतो. ईट अप, खाऊन टाक. राइट डाऊन, लिहून ठेव. गिव्ह अवे, देऊन टाक. गो अवे, निघून जा. त्यांचा जोडशब्द छोटा निपात असतो, आपला दुसरं क्रियापद असतो, पण काम तेच. आणि 'पुट अप विथ'चा अर्थ पुट, अप आणि विथ वेगळे करून कळत नाही म्हणून ज्यांची चिडचिड होते, त्यांनी 'खपवून घेणे' हे मराठी क्रियापद एखाद्या परक्या माणसाला फोड करून समजावून दाखवावं.

जिथे दोन भाषांची वाट वेगळी होते, तिथे मात्र मुद्दाम थांबावं लागतं. मराठीत 'हॅव'सारखं क्रियापदच नाही. आपण म्हणतो, मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आहे, त्याच्यात धमक आहे. नातं, वस्तू, आजार, गुण, प्रत्येकाची वेगळी सोय. इंग्रजी सगळ्यांना एकाच 'हॅव'च्या गोणीत घालते. तसंच, 'मला समजतंय' हे मराठीत सहज येतं, म्हणून आपली माणसं "आय ॲम अंडरस्टँडिंग" म्हणतात. इंग्रजीत नो, अंडरस्टँड, बिलॉन्ग यांना सहसा 'आयएनजी' सोसत नाही.  शिकवणाऱ्याला मराठी येत असेल तर तो त्या खड्ड्यांवर आधीच बोट ठेवतो. सॉफ्टवेअर तुमच्याकडून वाक्य दहा वेळा म्हणवून घेईल, पण मूल तिथेच का घसरतं, ते मराठी शिक्षकाला चटकन कळतं.

हे उलटही चालतं बरं का. आपली इंग्रजी माध्यमातली मुलं घरी म्हणतात, "मी अंघोळ घेतली", "मी फोटो घेतला". अंघोळ करतात आणि फोटो काढतात, हे त्यांना वाक्यांतून ऐकायला मिळालं नाही. तेव्हा एक भाषा पक्की नसली की दुसरी आपोआप पक्की होते, हा समज सोडून द्यायला हवा.

काही क्रियापदं तर आपण इथे वेगळ्याच अर्थाने वापरतो. आज सकाळपासून प्रत्येक जण ओळख करून देताना म्हणाला, "मी पंच्याण्णवचा पास-आऊट." इंग्लंडमध्ये असं सांगाल तर ते विचारतील, "अरेरे, मग शुद्धीवर कधी आलात?" पास आऊट होणे म्हणजे तिथे बेशुद्ध पडणे. लष्करी प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी तो शब्द आहे, खडकवासल्याच्या पासिंग आऊट परेडमुळे आपल्या कानावर तो बसलाय. 'प्रीपोन' आपल्याकडचंच, आणि इतकं सोयीचं की ते ऑक्सफर्डच्या कोशातही गेलं. 'रिव्हर्ट'ची गंमत मात्र महागात पडू शकते. आपल्या कार्यालयांत "प्लीज रिव्हर्ट" म्हणजे उत्तर पाठवा. इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणे, आणि आमच्या क्षेत्रात रिव्हर्ट करणे म्हणजे केलेला बदल पुसून आधीचा प्रोग्रॅम परत आणणे. आमच्या एका प्रकल्पात इथून "संध्याकाळपर्यंत रिव्हर्ट करा" असा निरोप गेला, तिकडच्या माणसाने तो शब्दशः घेतला, आणि सगळ्यांचं दिवसभराचं काम निमूटपणे काढून टाकलं. तो बिचारा अगदी सांगितल्यासारखाच वागला होता.

आमच्या धंद्यात क्रियापदं किती जपून वापरतात, याचं एक उदाहरण देते. इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिलेले असतात, त्यांत 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' हे शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने वाचायचे, एवढंच सांगणारा एक स्वतंत्र कागद १९९७ साली काढावा लागला. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे करावं, टाळायचं असेल तर सबळ कारण हवं आणि परिणाम नीट समजून घेतलेले हवेत. मे म्हणजे केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. नवीन इंजिनियर मुलांना मी हे मराठीतच समजावते. 'केलंच पाहिजे', 'करावं', 'केलं तरी चालेल' म्हटलं की दोन मिनिटांत कळतं, कारण आई-आजीच्या बोलण्यातून या तीन पायऱ्या त्यांच्या अंगात आधीच मुरलेल्या असतात.

म्हणून माझी सूचना अशी. प्रयोगशाळेला माझा विरोध नाही. पैसे जमले तर ती जरूर व्हावी. पण त्याआधी, आणि जवळजवळ फुकटात, एक गोष्ट करता येईल. ऑग्डेनची अठरा क्रियापदं घेऊ. आठवीच्या वर्गाचे अठरा शनिवार मागून घेऊ, शाळेच्या सोयीने, शेवटचा एक तास. एका शनिवारी एकच क्रियापद. आपल्यापैकी एक जण वर्गात येईल, आणि त्या क्रियापदाचा आपल्या कामात रोज काय उपयोग होतो ते सांगेल. आपल्यात एक परिचारिका आहे, एक बँकेत आहे, दोघं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात, एक जण गल्फमध्ये क्रेन चालवतो. क्रेनवाल्याने 'पुट' शिकवावं. पुट डाऊन, पुट बॅक, पुट अप, पुट ऑफ. त्याच्याइतकं ते कुणाला जमणार? परिचारिकेने 'टेक' घ्यावं. बँकवालीने 'कीप'. परदेशातल्यांना व्हिडिओवर येता येईल.

मुलांनी वहीत एका क्रियापदाला एक पान द्यायचं. समोर मराठी अर्थ लिहायचा नाही. पूर्ण वाक्य लिहायचं, आणि त्याच्या खाली आपण घरी तेच कसं म्हणतो ते मराठी वाक्य. शब्दाला शब्द न जोडता वाक्याला वाक्य जोडायचं. आणि तासाला मुलांनी अडलं की मराठीत बोलायला पूर्ण मोकळीक. आधी मराठीत सांगायचं, मग तेच साध्या इंग्रजीत.

इंग्रजीच्या बाईंना मी हे काल फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "तीन रूपं मी घेते, बाकीचं तुम्ही घ्या." तेव्हा वाटणी झाली आहे.

चहाच्या टेबलाजवळ एक कागद लावलाय. त्यावर अठरा क्रियापदं लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे नावासाठी जागा आहे. 'गेट'पुढे मी माझं नाव घातलंय, ते कुणी मागू नये. 'सीम' अजून मोकळं आहे, ते अवघड आहे, पण आपल्यात दोन वकील आहेत. चहा घेण्याआधी कृपया नाव लिहा. हे 'शुड' नाही, 'मस्ट' आहे.